मोतीबिंदूच्या भरवशावर

माझ्या सासऱ्यांनी माझं कौतुक एकाच गोष्टीसाठी केलं, पण ते सहा वर्षं दर रविवारी केलं. मी त्यांची काळी गाडी धुऊन-पुसून मागे सरकलो की ते पायरीवर उभे राहून हातातला चहाचा कप जरा वर उचलायचे आणि म्हणायचे, "वा, जावईबापू. आरसा केलात, आरसा."

या एका वाक्यावर माझा अख्खा आठवडा निघायचा. तुम्हाला हे फार वाटत असेल तर माझा पूर्वेतिहास ऐका. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना एकटं ठेवायला नको म्हणून आम्ही दोघं त्यांच्या घरी राहायला आलो, आणि आल्या आल्या मी घराला हातभार लावायचं ठरवलं. गळका नळ दुरुस्त केला. तेव्हापासून तो गळायचा थांबला आणि वाहायला लागला. मिक्सर उघडला, तो परत मिटला नाही. भिंतीत खिळा ठोकला, त्याबरोबर ताटाएवढं प्लास्टर खाली आलं, आणि ते झाकायला जो फोटो लावायचा होता तो निघाला पोस्टकार्डाएवढा. मी वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवतो. तेवढं मला जमतं. बाकी माझ्या हाताला यश नाही हे साऱ्या घराला माहीत होतं, फक्त मला मान्य नव्हतं.

आणि सासरे कोण, तर काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस. काच समोरून सरकत जायची आणि हे दिव्याखाली उभे राहून तिच्यातला बुडबुडा, तिच्यावरचा ओरखडा हुडकून काढायचे. माणूस निवृत्त झाला तरी नजर कामावरच होती. घरी पाहुणा आला की पाणी नंतर, आधी त्याचा चष्मा मागून घेऊन पुसून द्यायचे. अशा माणसाने माझ्या कामाला 'वा' म्हणावं! मी त्या वाक्यासाठी ऊन-थंडी बघितली नाही. एक बादली, एक जुना टॉवेल, आणि गोल गोल हात फिरवत दोन तास.

मग एका शनिवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या आणि भराभर बोलत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. उजव्याचं ऑपरेशन बुधवारी, गुरुवारी सकाळी पट्टी काढायची, डाव्याचं महिन्याभराने बघू.

"कधीपासून असेल हो हे?" सासऱ्यांनी विचारलं.

"हळूहळू वाढतं. पाच-सहा वर्षं तरी तुम्ही धुक्यातूनच बघताय, आजोबा. आता बघा कसं लख्ख दिसेल. घरातली धूळसुद्धा दिसेल."

मी हसलो. सासऱ्यांना दारात उभं करून मी गाडी आणायला गेलो. घरी गाडी पत्र्याखाली असते, तिथे ऊन येत नाही. इथे ती भर दुपारी उघड्यावर उभी होती. बॉनेटवर सूर्याचा एक पांढरा ठिपका पडला होता, आणि त्या ठिपक्याभोवती कोळ्याने जाळं विणावं तसे केसासारखे बारीक ओरखडे होते. एक नाही, दोन नाही, हजारो. मी डावीकडे सरकलो, जाळं माझ्याबरोबर डावीकडे सरकलं. दारावर बघितलं, तिथे जाळं. टपावर बघितलं, तिथेही तेच. आणि सगळे ओरखडे गोल.

गोल गोल हात या घरात कोण फिरवतं, हे शोधायला पोलीस लागणार नव्हते.

उन्हात उभ्या उभ्या मला घाम फुटला. म्हणजे सहा वर्षं मी दर रविवारी त्यांच्या गाडीला नेमाने, मन लावून ओरखडे काढत होतो, आणि ज्यांना जगातल्या कुठल्याही काचेवरचा ओरखडा दिसतो ते मला धुक्यातून 'वा' म्हणत होते. माझी सगळी अब्रू मोतीबिंदूच्या भरवशावर उभी होती, आणि तो मोतीबिंदू बुधवारी काढायचा होता.

परतीच्या वाटेवर सासरे खुशीत होते. "डोळा उघडला की आधी गाडी बघणार," ते म्हणाले. "तुम्ही एवढे राबता आणि मला नुसतं काळं काहीतरी चमकताना दिसतं. एकदा नीट बघायचंय."

"हो, हो, बघा ना," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रात्रीच्या जेवणानंतर बायकोला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "अरे, मग सांगून टाक ना बाबांना."

"सांगून टाक! तुझं काय जातं? तुला ते जन्मल्यापासून चांगलं म्हणतायत. मला चांगलं म्हणायला त्यांच्याकडे ही एकच गाडी आहे."

"मग कुणाला तरी दाखव. स्वतः काही करायला जाऊ नकोस," ती म्हणाली. या घरात मला ही सूचना इतक्यांदा मिळाली आहे की ती मला आता ऐकूच येत नाही.

रविवारी सासरे दुपारचे झोपल्यावर मी गाडीला टूथपेस्ट लावली. इंटरनेटवर एका गृहस्थांनी तसं करून दाखवलं होतं, आणि ते गृहस्थ दिसायला प्रामाणिक होते. तीन नळ्या संपल्या. ओरखडे जागच्या जागी राहिले, फक्त गाडीच्या फटीफटींत पांढरं पीठ जाऊन बसलं आणि अंगणात पुदिन्याचा वास सुटला. संध्याकाळी सासरे पायरीवर आले, वास घेतला आणि म्हणाले, "काही नवीन साबण आणलात वाटतं? वा."

ते 'वा' मला पहिल्यांदा टोचलं.

सोमवारी रजा काढली. दुकानात ओरखडे घासून काढायच्या लेपाचे तीन डबे होते, बारीक, मध्यम आणि जाड. मोठ्या दुखण्याला मोठं औषध, म्हणून मी जाड घेतला. सोबत भोकं पाडायच्या मशीनला लावायची स्पंजाची गोल चकती घेतली. बायको कामावर, सासरे डोळ्यांत थेंब घालून पडलेले. मी बॉनेटच्या मधोमध लेप लावला आणि मशीन सुरू केलं.

आणि काय सांगू, जाळं गेलं! वीतभर जागा पुसून बघितली तर खालून असा काळा रंग निघाला की त्यात मला माझं तोंड दिसलं. ते तोंड फार खूश होतं. मला वाटलं, नळ आणि मिक्सर ही माझी क्षेत्रंच नव्हती, माझं खरं क्षेत्र हे. मी पुढे सरकत गेलो. बॉनेटची कड आली. ती कड उठावदार असते, तिथे मी जरा जोर दिला, म्हटलं, कडेला कशाला मागे ठेवा. काळ्यात एकदम तपकिरी छटा आली, मग राखाडी. मी थांबलो. मशीन थांबलं नाही, कारण त्याचं बटण कुठे आहे ते मला त्या क्षणी आठवेना.

अंगठ्याच्या नखाएवढा राखाडी डाग पडला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. केसाएवढे ओरखडे होते तेव्हा निदान सूर्य लागत होता ते दिसायला. हा डाग पत्र्याखालच्या सावलीतही माझ्याकडे टक लावून बघत होता. मी त्यावर बुटाचं काळं पॉलिश लावलं. होय, लावलं. माणूस घाबरला की कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही, मी बुटाच्या डबीपर्यंत गेलो.

मंगळवारी सकाळी बायकोने गाड्यांना पॉलिश करणाऱ्या एका बाईंचा पत्ता हातात ठेवला. "जा," एवढंच म्हणाली. तिने डाग बघितला होता.

पॉलिशवालीचा कारखाना म्हणजे तीन गाड्या मावतील अशी एक लांबट खोली होती. खिडक्यांना काळा कागद, छताला नळीचे दिवे, भिंतीवर घडी घातलेली फडकी, रंगवार. बाई पस्तिशीच्या असतील, कपाळाला विजेरी बांधलेली. त्यांनी विजेरी लावली, बॉनेटवरून एकदा डोकं फिरवलं, आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसा आवाज केला.

"धुताना बादल्या किती घेता?"

"एक."

"फडकं?"

"जुना टॉवेल. मऊ आहे चांगला."

"तो खाली पडला तर?"

"झटकतो की!"

 बाईंनी डागावर बोट टेकवलं आणि ते काळं झालेलं बोट माझ्या तोंडासमोर धरलं. "हे काय?"

"बुटाचं पॉलिश."

"साहेब, गेली बारा वर्षं मी हे काम करते," त्या म्हणाल्या. "लोकांनी टूथपेस्ट लावलेली बघितलीय. खोबरेल तेलवाले येतात. बुटाचं पॉलिश तुमचंच पहिलं."

टूथपेस्टचं मी मग सांगितलंच नाही. त्यांना फटींत दिसलीच असणार.

पण बाई मनाच्या चांगल्या होत्या. त्यांनी मला नख फिरवायला लावलं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे, तो निघतो, आणि माझे सगळे तसलेच होते. धुताना दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची, म्हणजे चाकांवरची माती पुन्हा टपावर जात नाही. हात गोल फिरवायचा नाही, सरळ रेषेत न्यायचा. "काळा रंग कुणाचं काही झाकत नाही," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या गाडीत तुमची सहा वर्षं खपून गेली असती." मग त्यांनी गाडी धुतली, सगळ्या कडांना निळी टेप लावली आणि बारीक लेप घेऊन ताटाएवढी एकेक जागा करत गेल्या. मी स्टुलावर बसून दिवसभर बघत होतो. त्यांचं मशीन माझ्यापेक्षा सावकाश फिरत होतं आणि त्यांना बटण कुठे आहे ते माहीत होतं. संध्याकाळी गाडी अशी दिसत होती की तिच्याजवळ जाताना मी शर्ट नीट केला.

फक्त डाग राहिला.

"हा घासून जाणार नाही. इथे तुम्ही रंगच खाल्लात," बाई म्हणाल्या. "बॉनेट पुन्हा रंगवावं लागेल. चार दिवस द्या."

"माझ्याकडे परवा सकाळपर्यंतच वेळ आहे."

त्यांनी बारीक ब्रशने काळ्या रंगाचा थेंब लावून दिला. जवळून बघणाऱ्याला कळेल, हेही सांगितलं. जवळून बघणं हा ज्यांचा चौतीस वर्षांचा धंदा, त्यांच्याबद्दल मी बाईंना काही बोललो नाही. येताना गाडीवर घालायचं मोठं कापड घेतलं आणि घरी येऊन गाडी त्याखाली झाकून टाकली.

बुधवारी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. मी बाहेरच्या बाकावर बसून खोटं बोलायची तयारी करत होतो. फांदी पडली म्हणावं, तर पत्र्यावर झाड नाही. मांजर म्हणावं, तर मांजर रंग खात नाही. शेवटी ठरवलं की कापड आठ दिवस काढायचंच नाही, धुळीचं निमित्त सांगायचं, आणि तेवढ्यात बॉनेट रंगवून आणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. सासऱ्यांनी डोळा दोनदा मिटला, उघडला. समोर बायको उभी होती. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"तुझ्या डोळ्यांखाली हे कधी आलं गं?" ते म्हणाले. "एवढी दमतेस?"

"बाबा, वय झालं माझं," ती हसत म्हणाली आणि लगेच तोंड वळवून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी सावकाश, वरून खाली. "जावईबापू, केस कधी पिकले तुमचे? मी आपला अजून काळेभोर समजत होतो."

 मी इतके दिवस त्यांच्या डोळ्याला घाबरत होतो, आणि तो माणूस सहा वर्षं एकाच घरात राहून आम्हाला पहिल्यांदा बघत होता. घरी येताना टॅक्सीत त्यांनी दुकानांवरच्या पाट्या मोठ्याने वाचल्या, एकही सोडली नाही. टॅक्सीवाल्याला काच पुसायला सांगितलं. आणि घर जवळ आलं तसे म्हणाले, "ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरीणबाईंना सांगत होतो. म्हटलं, माझ्या जावयाने गाडी अशी ठेवलीय की तुमचा दिवा फिका पडेल."

फाटकातून आत आलो तर ते घरात न जाता थेट गाडीकडे निघाले. काळा चष्मा लावलेला, एक हात पुढे. त्यांनी कापडाचं टोक धरलं. मला म्हणायचं होतं, धूळ आहे. तोंडातून निघालं ते भलतंच.

"बाबा, थांबा. ती आरसा नव्हती कधी. सहा वर्षं मी तिला ओरखडे पाडलेत. घाणेरड्या टॉवेलने, गोल गोल. तुम्हाला दिसत नव्हते म्हणून तुम्ही 'वा' म्हणत होता. मग तुम्हाला दिसायच्या आत काढायला गेलो आणि बॉनेटचा रंगच घासून काढला. आता जे चकचकीत आहे ते एका पॉलिशवाल्या बाईंनी केलंय. माझं स्वतःचं काम फक्त तो डाग आहे."

एका दमात सगळं बोलून टाकलं.  सासऱ्यांनी कापड ओढून काढलं आणि ते वाकायला लागले.

"बाबा, वाकायचं नाही!" बायको ओरडली.

"स्टूल द्या," ते मला म्हणाले. मी धावत आणलं. ते बसले, डोळे बॉनेटच्या पातळीला आले, मान तिरकी झाली. अर्धं मिनिटही गेलं नसेल, त्यांचं बोट डागावर होतं. मग त्यांनी तळहात उजव्या डोळ्यासमोर धरला. "डाव्याने बघितलं तर अजून आरसाच आहे," ते म्हणाले. तळहात डाव्यासमोर नेला. "आणि उजव्याने हे."

मी मान खाली घातली. हजार रविवार राबलो असतो तरी त्या क्षणी सगळे पाण्यात गेले असते.

ते उठले. "आमच्याकडे काच नाकाला लावून बघायची पद्धत नव्हती," ते म्हणाले, मला की स्वतःलाच, कळलं नाही. "तशी बघितली तर जगातली एक काच कारखान्याबाहेर पडणार नाही. तीन पावलं मागे जायचं. तिथून दिसला तर दोष. नाही दिसला तर चालेल."

ते तीन पावलं मागे गेले. चष्मा किंचित वर केला. "दिसतोय."

मला माहीत होतं.

चौथं पाऊल मागे टाकलं. "दिसतोय." पाचवं, सहावं. "दिसतोय अजून." बायको म्हणाली, "बाबा, मागे कुंडी आहे!" ते कुंडीला वळसा घालून मागेच जात राहिले, गाडीवरची नजर न काढता. पाठीशी फाटक लागलं. त्यांनी हात मागे नेऊन चाचपडत कडी काढली आणि बाहेर रस्त्यावर गेले. एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांना चुकवून गेला. सासरे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, चष्मा वर केला, आणि तिथून साऱ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "चालेल!"

मी धावत बाहेर गेलो आणि त्यांचा हात धरला. एक रिक्षा आमच्यासाठी थांबली होती, तिचा हॉर्न चालू होता. त्यांना बाजूला व्हायची घाई नव्हती.

"चौतीस वर्षांत चौथं पाऊल कधी टाकलं नाही, जावईबापू," ते म्हणाले. "मालकाच्या पोराने पाठवलेल्या काचेलासुद्धा नाही."

 मी त्यांना धरून रस्त्यावरून आत आणलं.